पंधराव्या वर्षीचा आवाज

प्रश्न : घर आवरताना वडिलांची जुन्या तबकड्यांची पेटी सापडली. तीत ‘डिस्को दीवाने’ नावाची एक एलपी आहे. हे गाणं ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटातलं, असंच मी समजत होते. वडील म्हणाले, मूळ गाणं १९८१चं आहे, गाणारी मुलगी तेव्हा शाळेत होती आणि हा तिचा पहिलाच अल्बम. चित्रपटाचा आधार नसलेला एका शाळकरी मुलीचा अल्बम एवढा कसा चालला? तिच्या आवाजात असं काय होतं? पुढे तिचं काय झालं? आणि ही तबकडी आता वाजवता येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वडिलांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. ती मुलगी नाझिया हसन. जन्म ३ एप्रिल १९६५, कराची. तिचं लहानपण कराची आणि लंडनमध्ये गेलं. ‘डिस्को दीवाने’ बाजारात आला तेव्हा ती पंधरा-सोळाची होती आणि अल्बममध्ये तिच्याबरोबर गाणारा भाऊ झोहेब तिच्याहूनही लहान. तुम्ही ऐकलेलं २०१२मधलं गाणं विशाल-शेखर यांनी याच गाण्यावरून बांधलं. त्यात सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्या जोडीला नाझियाचा मूळ आवाजही ठेवला आहे. म्हणजे तो आवाज तुम्ही आधीच ऐकलेला आहे, फक्त कुणाचा ते माहीत नव्हतं.

अल्बम का चालला, हे कळायला एक वर्ष मागे जावं लागेल. १९८०च्या जूनमध्ये फिरोझ खान यांचा ‘कुर्बानी’ आला. त्याचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण ‘आप जैसा कोई’ हे एक गाणं त्यांचं नव्हतं. ते बिद्दू यांनी लंडनमध्ये तयार केलं होतं. फिरोझ खान आणि बिद्दू दोघेही मूळचे बंगळूरचे. बिद्दू तरुणपणी बंगळुरात बीट संगीत वाजवायचे. साठच्या दशकात ते इंग्लंडला गेले आणि पडेल ते काम करत तिथल्या संगीतव्यवसायात शिरले. १९७४मध्ये कार्ल डग्लस यांनी गायलेलं त्यांचं ‘कुंग फू फायटिंग’ ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. दोन वर्षांनी टीना चार्ल्सच्या आवाजातलं ‘आय लव्ह टु लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं. नाचायचं गाणं कसं बांधायचं हे ज्यांना नेमकं कळलं होतं, अशा युरोपातल्या मोजक्या लोकांत हा बंगळूरचा माणूस होता.

फिरोझ खान यांनी लंडनमध्ये नाझियाला गाताना ऐकलं आणि बिद्दूंकडे चाचणीसाठी पाठवलं. लहानपणी पाकिस्तान टीव्हीवर सोहेल राणा यांच्या मुलांच्या कार्यक्रमांत ती गायली होती. गाण्याचा अनुभव म्हणावा असा तेवढाच.

आता एक गंमत बघा. हिंदी चित्रपटात तेव्हा पन्नाशीच्या लताबाई आणि पन्नाशीकडे झुकलेल्या आशाबाई विशीतल्या नायिकांसाठी गात होत्या, आणि ते कुणाला खटकत नव्हतं, कारण तो आवाज वयाच्या पलीकडे गेलेला होता. ‘कुर्बानी’त नेमकं उलटं झालं. पडद्यावर झीनत अमान, पूर्ण वाढलेली, आत्मविश्वासानं भरलेली स्त्री, आणि तिच्या ओठांवर आवाज एका पंधरा वर्षांच्या मुलीचा. हे जमायला नको होतं. तरी जमलं, कारण त्या आवाजात लाडिकपणा नव्हता. मुलगी मोठ्या बाईची नक्कल करत नव्हती. सरळ, थोड्या नाकातून येणाऱ्या, थंड वाटाव्या अशा आवाजात ती ओळी म्हणत होती आणि सगळी नखरेबाजी तालावर सोडून देत होती. माझ्या मते तिच्या पुढच्या सगळ्या यशाचं मूळ इथेच आहे.

या गाण्याला १९८१चं सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं फिल्मफेअर मिळालं. एवढ्या लहान वयात ते पारितोषिक मिळवणारी ती पहिली. लताबाईंनी १९७०नंतर आणि आशाबाईंनी १९७९नंतर या स्पर्धेतून स्वतःहून माघार घेतली होती, त्यामुळे नव्या आवाजांना वाट मोकळी झाली होती, हेही खरं. पण मोकळ्या वाटेवरून पुढे जायलासुद्धा पाय लागतात.

लहान मुलीनं गाण्यात तसं नवीन काही नव्हतं. लताबाईंनी ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी १९४२मध्ये गाणं म्हटलं तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. ते गाणं चित्रपटातून गळलं. पुढच्याच वर्षी ‘माझं बाळ’साठी आशाबाई गायल्या, त्या दहाच्या आसपास होत्या. पण या मुली घर चालवायला गात होत्या, सांगितलेली चाल सांगितल्या नायिकेसाठी म्हणत होत्या आणि त्या काळातल्या बऱ्याच तबकड्यांवर गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलेलं असायचं. नाझियाच्या अल्बमवर नाव तिचं होतं, चेहराही तिचा होता. तबकडीच्या वेष्टनावर नायक-नायिका नाहीत, चित्रपटाचं नाव नाही, गाणारी मुलगीच आहे, ही गोष्ट आज आपल्याला इतकी साधी वाटते की तिचं नवेपण लक्षात येत नाही. पेटीतली बाकीची वेष्टनं शेजारी मांडून बघा, मग दिसेल.

मराठी वाचकाला इथे शंका येईल की चित्रपटाबाहेरचं गाणं आपल्याकडे होतंच की. होतं, आणि फार मोठं होतं. गजाननराव वाटवे, अरुण दाते, ‘शुक्रतारा’, आकाशवाणीवरची भावगीतं, यांना चित्रपटाची गरज कधीच पडली नाही. हिंदी-उर्दूत गझल आणि भजनं होती. जगजीत आणि चित्रा सिंग यांच्या १९७६च्या ‘द अनफर्गेटेबल्स’नं गझलेची एलपीही हातोहात खपू शकते हे दाखवलं होतं. पण ही सगळी गाणी बसून ऐकायची होती. उठून नाचायचं गाणं हवं असेल तर दोनच जागा होत्या. एक हिंदी चित्रपट, जिथे असं गाणं बहुधा कॅबरेत, खलनायकाच्या अड्ड्यावर किंवा क्लबात यायचं. दुसरी इंग्रजी पॉप, म्हणजे शहरांतल्या हॉटेलांत गाणाऱ्या उषा अय्यर (पुढे उषा उथुप) आणि परदेशातून आलेल्या तबकड्या. सतरा वर्षांची मुलगी आपल्या भाषेत, स्वतःच्या मनातलं, कुठल्याही खलनायकाशिवाय नाचत म्हणू शकेल असं गाणं कुठेच नव्हतं. ‘डिस्को दीवाने’ नेमका या रिकाम्या जागी येऊन बसला.

वेळही विचित्र होती. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या लागोपाठच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटानं उडवण्यात आला आणि प्रेक्षक मैदानात घुसले. अमेरिकेत डिस्कोचे दिवस भरले होते. आपल्याकडे तेव्हा ते नुकते उजाडत होते. १९८०चा ‘कर्ज’, १९८२चा ‘डिस्को डान्सर’, मध्ये नाझिया. पण ‘डिस्को दीवाने’ला केवळ लाटेवरचा फेस म्हणणं मला पटत नाही. त्याच लाटेतली कितीतरी गाणी आज ऐकली की काळाची धूळ लगेच दिसते. हा अल्बम अजून स्वच्छ ऐकू येतो, आणि त्याचं कारण ध्वनिमुद्रणात आहे.

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. मुंबईत तेव्हा बहुतेक गाणी एका दमात मुद्रित होत. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत चाळीस-पन्नास वादक एकत्र बसायचे, गायक काचेमागे उभा राहायचा, तालमी व्हायच्या आणि मग टेक. एकानं चूक केली की सगळ्यांनी पुन्हा. त्या पद्धतीत एक धगधगतं जिवंतपण होतं, जे आज हरवलं आहे. पण त्यात प्रत्येक वाद्य वेगळं, सुटं ऐकू येणं कठीण असायचं. लंडनमध्ये बिद्दू थर रचत. रुंद टेपवर शेजारी-शेजारी अनेक पट्ट्या असतात. एकीवर फक्त ड्रमचा खालचा ठोका, दुसरीवर बास, तिसरीवर गिटार, मग सिंथेसायझर, आणि शेवटी आवाज. एखाद्या पट्टीवर चूक झाली तर तेवढीच पुसून नव्यानं वाजवायची. प्रत्येक मात्रेवर पडणारा तो ठोका म्हणून छातीत लागतो. त्याच्या आड दुसरं काही येत नाही.

आवाजाचंही तसंच. नाझियाच्या गळ्याला फार मोठा पल्ला नव्हता. मुरक्या नाहीत, तान नाही, वरच्या सप्तकात झेप नाही. बिद्दूंनी तिच्याकडून ओळी पुन्हा म्हणवून घेतल्या आणि तिचाच आवाज तिच्याच आवाजावर ठेवला. दोन वेळा म्हटलेली ओळ कधीही तंतोतंत जुळत नाही. सुरात, उच्चारात, श्वासात केसभर फरक राहतो. त्या फरकानं आवाज जाड होतो आणि त्याला चकाकी येते. एकच मुलगी गात असते, तरी ती एकटी वाटत नाही. ‘आप जैसा कोई’ लावून नुसत्या आवाजाकडे लक्ष द्या, दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकताना हे दुहेरी अस्तर जाणवेल. पाश्चात्त्य पॉपमध्ये ही युक्ती साठच्या दशकापासून रुळलेली होती. आपल्या कानांना ती नवी होती.

मग श्रेय बिद्दूंचं की नाझियाचं? बिद्दूंशिवाय हा अल्बम झालाच नसता, याबद्दल दुमत नाही. पण बिद्दूंची कला दुसऱ्या एखाद्या तयार, घोटलेल्या गळ्यावर चालली असती असं मला वाटत नाही. शास्त्रीय तालमीतला गळा ओळीच्या शेवटी काहीतरी करतोच, सूर हलवतो, एखादी हरकत घेतो. तसं झालं की थर एकमेकांवर नीट बसत नाहीत. नाझिया सूर लावायची आणि सोडून द्यायची. शिवाय चाली लहान पल्ल्यातल्या, ओळी आखूड, शब्द सोपे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणीही त्या म्हणू शकायचं. लताबाईंचं गाणं ऐकून आपण थक्क होतो, पण म्हणायला धजत नाही. नाझियाचं गाणं ऐकलं की आपणही म्हणावं असं वाटतं. पॉप गाण्याकडून याहून मोठी अपेक्षा मी तरी करत नाही. झोहेबचाही वाटा विसरू नये. काही चाली त्याच्या आहेत, आणि भावा-बहिणीनं मिळून गाण्यातला घरगुती मोकळेपणा त्या गाण्यांत उतरला आहे.

आता खपाचं. अल्बम एचएमव्हीनं भारतात आणला आणि तो दोन्ही देशांत, शिवाय जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे वाजला. ‘ड्रीमर दीवाने’ नावानं शीर्षकगीताची इंग्रजी आवृत्तीही निघाली. मुंबईत पहिल्याच दिवशी लाखभर प्रती गेल्या, चौदा देशांच्या याद्यांत तो चढला, असे आकडे लेखांतून वारंवार येतात. मी त्यांना फार चिकटून राहत नाही. आपल्याकडे तेव्हा विक्री मोजणारी तटस्थ यंत्रणा नव्हती, आणि कॅसेटवर उतरवून घेतलेल्या प्रती तर कुणाच्याच हिशोबात येत नव्हत्या. आखातातून येणारी माणसं टू-इन-वन घेऊन येत होती, कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली निघत होती. या अल्बमचा प्रसार कागदावरच्या आकड्यांहून मोठा असणार, असं म्हणायला हे कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. चित्रपटाविना पॉप चालू शकतं हे सिद्ध करणारा हा अल्बम चित्रपटानंच उघडलेल्या दारातून आला. १९८१मध्ये पॉप गाणं लोकांपर्यंत पोचवायचं कसं? विविध भारतीवर राज्य चित्रपटगीतांचं होतं. दूरदर्शन बहुतेक गावांत पोचलंही नव्हतं. ‘आप जैसा कोई’ आधीच घराघरांत नसतं, तर या मुलीची तबकडी दुकानात कुणी मागितली असती, अशी शंका येते. तरी पुढचं पाऊल तिनं स्वतःच्या बळावर टाकलं. दुकानात जाऊन लोक चित्रपटाचं नाव न घेता तिचं नाव घेत होते.

पाकिस्तानातलं चित्र वेगळं होतं. तिथे जनरल झिया-उल-हक यांची राजवट होती आणि मुलीनं पडद्यावर नाचणं सरकारी दूरचित्रवाणीला चालण्यासारखं नव्हतं. नाझियाचं चित्रण कमरेच्या वरचंच दाखवलं जायचं, असं त्या काळाबद्दल सांगतात. अशा वातावरणात एक मुलगी हसतमुखानं उभी राहून ठेक्यावर गाते, यातच तिथल्या तरुणांना पुष्कळ काही मिळालं. १९८९मध्ये नाझिया-झोहेबनं पाकिस्तान टीव्हीवर ‘म्युझिक ८९’ हा कार्यक्रम सादर केला आणि नव्या पॉप गायकांना त्यातून मंच मिळाला. त्यावरही टीकेची झोड उठलीच. १९७१च्या युद्धाला जेमतेम दहा वर्षं झाली असताना कराचीत जन्मलेल्या मुलीनं बंगळूरच्या संगीतकाराबरोबर लंडनमध्ये केलेला अल्बम सीमेच्या दोन्ही बाजूंना लग्नाच्या वरातीत वाजावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पुढे तिचं काय झालं, हा तुमचा तिसरा प्रश्न. १९८२मध्ये ‘बूम बूम’ आला. त्यातली गाणी कुमार गौरवच्या ‘स्टार’ या चित्रपटात होती. चित्रपट पडला, गाणी टिकली. मग १९८४ला ‘यंग तरंग’, १९८७ला ‘हॉटलाइन’, १९९२ला ‘कॅमेरा कॅमेरा’. हा शेवटचा अल्बम अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेशी जोडलेला होता. पण या साऱ्या काळात तिनं शिक्षण सोडलं नाही. लंडनमध्ये व्यवसाय व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र शिकली, कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रसंघात न्यूयॉर्कला काम केलं. गाणं तिनं पोटापाण्याचा धंदा केलं नाही. पंधराव्या वर्षी प्रसिद्धी मिळालेल्या किती मुलांचं आयुष्य त्या प्रसिद्धीनंच खाऊन टाकलं, हे आपण पाहतो. नाझियानं तिला आपल्या आयुष्याचा एक भाग एवढीच जागा दिली, आणि तिच्याविषयीचा माझा आदर यामुळे दुणावतो. दुर्दैवानं त्या आयुष्याला वेळच मिळाला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगानं १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये ती गेली, पस्तिसाव्या वर्षी. पाकिस्ताननं तिला मरणोत्तर ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ दिला.

तिनं पाडलेली वाट चालती राहिली. बिद्दूंनी १९९५मध्ये अलिशा चिनॉयबरोबर ‘मेड इन इंडिया’ केला, ज्याच्या व्हिडिओत आपला मिलिंद सोमण होता, आणि मग चार-सहा वर्षं इंडीपॉपचा सुकाळ झाला. तोवर केबल टीव्ही आला होता, गाण्याला दाखवायची जागा मिळाली होती. नाझियाला ती सोय नव्हती.

राहिली तुमची तबकडी. जरूर वाजवा, पण घाई करू नका. ती ३३⅓ फेऱ्यांची एलपी आहे, प्लेअरवर वेग तोच ठेवा. हाताळताना कडा आणि मधला कागद एवढ्यालाच हात लावा. इतकी वर्षं पेटीत राहिल्यामुळे खाचांत धूळ असू शकते. ओल्या फडक्यानं किंवा साबणानं घासू नका, तबकड्यांसाठी मिळणाऱ्या कार्बन फायबरच्या ब्रशनं खाचांच्या दिशेनं गोल पुसा. पेटीत तबकड्या आडव्या रचलेल्या असतील तर उभ्या करा, आडव्या ठेवल्या की त्या वाकतात. कुणाचा जुना प्लेअर मिळाला तर आधी त्याची सुई बदलून घ्या, झिजलेली सुई एकदा वाजवल्यानंही खाचा खरवडू शकते. आणि प्लेअर थेट आजच्या स्पीकरला जोडला तर आवाज अगदी बारीक येईल, मध्ये फोनो प्रीअँप लागतो. तबकडी खराब झाली म्हणून टाकून देऊ नका. आधी शीर्षकगीत नाही, ‘लेकिन मेरा दिल’ लावा. तिथे ठेका मागे सरतो आणि पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलीचा आवाज पुढे येतो. मग ‘आओ ना’. वडिलांना शेजारी बसवा, त्यांना बहुधा सगळे शब्द पाठ असतील.